खान्देशात स्कूबाच्या सरावासाठी परवडणारा तलाव कसा मिळवायचा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला राहून स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली बुडी मारणं, शिकवायचं ठरवलं की लोक आधी समुद्राचं विचारतात. खरी अडचण तलावाची असते. समुद्रातल्या बुड्यांसाठी विद्यार्थी मालवणला, गोव्याला किंवा अंदमानला जाऊ शकतो. पण त्याआधीचा सगळा सराव बंदिस्त, स्वच्छ, उथळ-खोल पाण्यात व्हावा लागतो, आणि तो घराजवळ झाला तर त्याचे समुद्रकाठचे दोन दिवस आणि लॉजचं भाडं वाचतं. पॅडी या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थेच्या ओपन वॉटर या पहिल्या कोर्समध्ये बंदिस्त पाण्यातली ५ सत्रं आणि खुल्या पाण्यातल्या ४ बुड्या असतात. थिअरी आणि तलावाचा भाग एका प्रशिक्षकाकडे संपवून रेफरलवर, म्हणजे तेवढा भाग पूर्ण झाल्याच्या त्याच्या कागदावर, उरलेल्या बुड्या दुसरीकडे मारता येतात, आणि हे रेफरल १२ महिने चालतं. म्हणजे अर्धा कोर्स खान्देशात बसून शिकवता येतो. फक्त तलाव हवा, आणि त्याचं भाडं विद्यार्थ्याच्या फीमध्ये मावेल एवढंच असायला हवं.

भाडं कमी करून घेण्यासाठी घासाघीस करण्यात माझा फारसा विश्वास नाही. तलाव ज्या वेळी रिकामा पडलेला असतो तीच वेळ मागितली तर दर आपोआप खाली येतो. आपल्याकडे अशा वेळा भरपूर आहेत. त्या ओळखणं हेच या सगळ्यातलं मुख्य काम.

आधी वर्षाचं गणित

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत सकाळ-संध्याकाळ तलावावर पाय ठेवायला जागा नसते. उन्हाळी शिबिरं, शाळेची पोरं, महिलांची बॅच, सगळं त्याच दिवसांत. त्या वेळी सकाळचा तास मागायला गेलात तर ऑफिसातला माणूस मान वर करूनही बघणार नाही. पण त्याच उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ मध्ये पारा ४४-४५ वर असतो, रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि तलावही ओस असतो. पाणी मात्र तेच, स्वच्छ केलेलं, क्लोरीन टाकलेलं. हा पहिला रिकामा काळ.

दुसरा आणि जास्त चांगला काळ पावसाळ्याचा. शाळा सुरू झाल्या की गर्दी एकदम ओसरते. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे तीन महिने तलाव चालवणाऱ्याला खर्च तेवढाच आणि उत्पन्न नावापुरतं. इकडे कोकण किनाऱ्यावरचं जलपर्यटनही पावसाळ्यात बंद असतं आणि ऑक्टोबरपासून पुन्हा जोर धरतं. पावसाळ्यात जळगावात तलावाचा भाग पुरा करायचा आणि दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थी मालवणला पाठवायचे, असं वेळापत्रक बसवलं की दोन्ही बाजू जुळतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बरेच तलावचालक मोसम संपला की पाणी सोडून देतात, आणि एकदा रिकामा झालेला तलाव चार विद्यार्थ्यांसाठी कोणी भरून देत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावांत तर मुळीच नाही. म्हणून पावसाळ्याचं बोलणं मे महिन्यातच करून ठेवायला हवं.

डिसेंबर-जानेवारीतही तलाव रिकामे असतात, पण खान्देशातली थंडी कोरडी आणि बोचरी. पाणी गरम करायची सोय बहुतेक ठिकाणी नसते. ३ मिलिमीटरचा वेटसूट घालूनही नवशिक्या माणूस तासाभरात कुडकुडायला लागतो, आणि कुडकुडणारा माणूस मास्कमधलं पाणी काढायला शिकत नाही. थंडीत घ्यायचंच असेल तर भर दुपारचं सत्र घ्या.

कोणत्या दारी जायचं

तलाव साधारण चार प्रकारचे सापडतात. महापालिका किंवा नगरपालिकेचे, क्रीडा संकुलांचे, शाळा-कॉलेजांच्या आवारातले, आणि क्लब, रिसॉर्ट, वॉटरपार्क असे खाजगी. भुसावळ, वरणगाव, दीपनगर अशा ठिकाणी रेल्वे, आयुध निर्माणी, वीज केंद्र यांच्या वसाहती आहेत. अशा वसाहतीत तलाव असेल तर कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्रवेश देऊन वेळ मिळते का, हेही विचारायला हरकत नाही.

सरकारी तलाव सगळ्यात स्वस्त पडतो, पण परवानगीला वेळ लागतो. त्यातही तो ठेक्याने दिलेला असेल तर ठेकेदार तोंडी 'या हो भाऊ, कधीही या' म्हणतो आणि महिन्याभराने वरून कोणी विचारलं की हात वर करतो. ठेकेदाराशी दर ठरवा, पण मूळ संस्थेचं पत्र हातात घेतल्याशिवाय बॅच जाहीर करू नका. कॉलेजांचा मार्ग मला सगळ्यात सरळ वाटतो. क्रीडाशिक्षकाला नवीन उपक्रम हवा असतो, दुपारी तलाव मोकळा असतो आणि निर्णय प्राचार्यांच्या एका सहीवर होतो. रिसॉर्टवाला लगेच हो म्हणतो, पण शनिवार-रविवार आणि लग्नसराई सोडून. तुम्हाला मंगळवार-बुधवार चालत असेल तर त्याच्याकडे जा.

या सगळ्यांच्या आधी त्या तलावावर पोहणं शिकवणाऱ्या सरांना भेटा. चार लेन कोणाच्या, कोणती बॅच खरी भरते आणि कोणती कागदावरच आहे, हे त्यांना माहीत असतं. शिवाय त्यांची तयार पोरं हेच तुमचे पहिले विद्यार्थी असतात.

विहीर आणि शेततळ्याबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण 'आमच्या मळ्यात एवढं पाणी आहे, भाडं कशाला भरता' असं प्रेमाने म्हणणारे खूप भेटतात. आपल्यातले कित्येक जण पाठीला डबा बांधून विहिरीतच पोहायला शिकले. स्कूबासाठी ती चालत नाही. उभं राहायला उथळ भाग नाही, तळ दिसत नाही, पंपाची वायर पाण्यात, आणि अडचण आली तर माणूस वर काढायला धड जागा नाही. शेततळं त्याहून वाईट. त्याचं प्लास्टिकचं अस्तर ओलं झालं की इतकं निसरडं होतं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही चढून येता येत नाही. शेततळ्यात बुडून जीव गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. फुकट मिळालं तरी तिथे जाऊ नका.

पाहणी: टेप, दोरी आणि दोन नजरा

तलाव आवडला म्हणून लगेच दर विचारू नका. आधी मोजा. दर अर्ध्या मीटरवर गाठ मारलेली, टोकाला वजन बांधलेली दोरी पुरते. पहिल्या सत्रासाठी विद्यार्थी पाय टेकून उभा राहील असं, सव्वा मीटरच्या आसपासचं पाणी हवं. पुढच्या सत्रांसाठी डोक्यावर पाणी जाईल असा भाग हवाच, किमान २ मीटर. अडीच-तीन मिळालं तर उत्तम. रिसॉर्टचे बरेच तलाव सगळीकडून चार फूटच असतात. तिथे पहिलं सत्र किंवा हौशी लोकांना चव दाखवण्याचा कार्यक्रम होईल, कोर्स होणार नाही.

लांबीही बघा. हवा संपल्यावर वर येण्याचा सराव तलावात आडवा करून घेतात. विद्यार्थी श्वास न कोंडता, तोंडाने सलग आवाज काढत किमान ९ मीटर पोहतो. मास्कशिवाय पाण्याखाली १५ मीटर जायचं असतं. २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणंही असतं. २५ मीटरच्या तलावात हे सगळं आरामात बसतं. सहा जणांच्या बॅचला खोल बाजूचा एक कोपरा आणि काठालगतची एक लेन मिळाली तरी भागतं, अख्खा तलाव मागायचं कारण नाही. हेच वाक्य मालकासमोरही म्हणा, दर तिथेच कमी होतो.

मग काठावर उभे राहून खोल भागातली तळाची जाळी बघा. जाळीच्या पट्ट्या स्पष्ट दिसत नसतील तर त्या पाण्यात कोणालाही उतरवू नका. पावसाळ्यात शेवाळ धरून पाणी हिरवट होतं, तेव्हा ही तपासणी प्रत्येक सत्राआधी करायची. जाळी घट्ट बसलेली आहे ना, तुटलेली नाही ना, हेही बघा, कारण पंपाच्या ओढीने केस किंवा पट्टा अडकू शकतो. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम असावा. तपासायच्या पट्ट्या स्वस्तात मिळतात, त्या स्वतःच्या पिशवीत ठेवा. पंप सांभाळणाऱ्या दादांशी ओळख करून घ्या. क्लोरीनचा मोठा डोस कधी टाकतात आणि फिल्टर उलटा कधी धुतात हे ऑफिसातल्या साहेबांना सांगता येत नाही, दादांना येतं. डोस टाकल्यावर काही तासांतच मास्क काढायचा सराव घेतलात तर विद्यार्थी डोळे चोळत घरी जातो आणि पुन्हा फिरकत नाही.

दर बोलताना

तलाव चालवणाऱ्याचा खर्च आधी आपण मांडून बघावा. ५ एचपीचा पंप तासाला पावणेचार युनिटच्या आसपास वीज खातो, आणि पाणी स्वच्छ ठेवायला तो असाही चालतो. राहिला जीवरक्षकाचा त्या तासाचा पगार आणि बुडालेलं तिकीट. रिकाम्या वेळी तिकीट बुडतच नाही. त्यामुळे जीवरक्षकाचा पगार अधिक मालकाला सुटणारे चार पैसे, एवढाच दर रास्त. डोईप्रमाणे तिकीट, तासाला ठोक रक्कम, किंवा महिन्याला ठरावीक तासांचं पॅकेज, असे तीन मार्ग असतात. विद्यार्थी दोन-तीन असतील तर डोईप्रमाणे घ्या, चारच्या वर गेले की तासाने.

समजा तासाला १,२०० रुपये ठरले आणि पाचही सत्रांना मिळून पाण्यातले ६ तास लागले, तर ७,२०० रुपये होतात. विद्यार्थी दोन असतील तर प्रत्येकी ३,६००, चार असतील तर १,८००, सहा असतील तर १,२००. म्हणून चार जण जमेपर्यंत तारीख पक्की करू नका. तुमच्या प्रशिक्षण संस्थेच्या मानकात एका प्रशिक्षकामागे यापेक्षा जास्त विद्यार्थी बसत असतील, तरी भाड्याच्या तलावात, मदतनीस असला तरीही, सहाच्या वर जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

पैशाऐवजी देण्यासारखंही तुमच्याकडे बरंच असतं. जीवरक्षकांसाठी सीपीआर आणि बुडणाऱ्याला सोडवण्याचा एक दिवसाचा सराव द्या. पाणी न सोडता तळाच्या फुटक्या टाइल्स आणि जाळी पाण्याखालून तपासून, फोटो काढून द्या. तलावचालकाला हे फार मोलाचं वाटतं, कारण नाहीतर सगळं पाणी सोडावं लागतं. शाळा-कॉलेज असेल तर त्यांच्या एका मुला-मुलीला सवलतीत घ्या. हे सगळं बोलण्यात न ठेवता दराच्या कागदावर लिहा.

मालकाची भीती घालवणं

मालक आधी सिलिंडरकडे बघतो, मग टाइल्सकडे. 'टाइल्स फुटी जातीन ना भो?' हा धुळ्या-जळगावातला हमखास पहिला प्रश्न, आणि तो बरोबरच आहे. ॲल्युमिनियमचा नेहमीचा सिलिंडर रिकामा असतानाच साधारण १४ किलोचा असतो. काठावर उभा ठेवला आणि कोणाचा पाय लागला तर टाइल फुटते, आणि त्याहून वाईट म्हणजे व्हॉल्व्हवर आपटतो. म्हणून सोबत जाड रबरी मॅट न्या. सिलिंडर कायम आडवा, व्हॉल्व्ह भिंतीकडे, दोन्ही बाजूंनी अडवलेला. बुडाला रबरी बूट. वजनांसाठी शिशाचे उघडे ठोकळे आणू नका, छर्रे भरलेल्या मऊ पिशव्या वापरा. त्या तळावर पडल्या तरी ओरखडा उठत नाही. पहिल्या भेटीलाच मॅट अंथरून, एक सिलिंडर मांडून, स्वतः पाण्यात उतरून दाखवा. जमलं तर मालकालाच, नाहीतर त्यांच्या तरुण मुलाला, उथळ पाण्यात दहा मिनिटं श्वास घेऊ द्या. अर्थात वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतल्यावरच. इतकं केल्यावर पुढचं बोलणं सोपं होतं.

दुसरी भीती अपघाताची. तिच्यासाठी तोंडी धीर पुरत नाही, फाइल लागते. त्यात चालू वर्षाचं शिकवण्याचं वैध प्रमाणपत्र, तुमचा दायित्व विमा, विद्यार्थ्यांनी भरलेल्या वैद्यकीय प्रश्नावल्या, संमतीपत्रं, अठरा वर्षांखालच्यांच्या पालकांच्या सह्या आणि आपत्कालीन योजना एवढं असावं. प्रश्नावलीतल्या एखाद्या उत्तराने वैद्यकीय तपासणीची अट लागू झाली तर डॉक्टरची सही आल्याशिवाय पाण्यात उतरवायचं नाही, मग तो मालकाचा भाचा का असेना.

अर्ज

सरकारी किंवा कॉलेजच्या तलावासाठी अर्ज एका पानात संपवा. भाडं भरणार आहात हे विषयाच्या ओळीतच दिसू द्या.

'प्रति, मा. जिल्हा क्रीडा अधिकारी. विषय : जलतरण तलाव रिकाम्या वेळेत स्कूबा प्रशिक्षणासाठी सशुल्क मिळणेबाबत. महोदय, मी प्रमाणित स्कूबा प्रशिक्षक असून माझे प्रमाणपत्र चालू वर्षासाठी वैध आहे. आपल्या तलावाचा खोल भाग जुलै ते सप्टेंबर या काळात दर मंगळवारी व गुरुवारी दुपारी १ ते ३ या वेळेत, एका वेळी जास्तीत जास्त ६ प्रशिक्षणार्थींसाठी, नियमानुसार शुल्क भरून मिळावा ही विनंती. फरशीच्या संरक्षणासाठी रबरी मॅट, प्रथमोपचार व ऑक्सिजन संच मी स्वतः आणीन. तलावाचे काही नुकसान झाल्यास भरपाईची जबाबदारी माझी राहील. सोबत प्रमाणपत्र, विमा व आपत्कालीन योजनेच्या प्रती जोडल्या आहेत.'

दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून पोच घ्या. आठ दिवसांनी फोन न करता स्वतः जा. टिपणी कोणाच्या टेबलावर आहे हे तिथेच कळतं.

पाण्यातला तास पाण्यासाठीच

भाडं वाचवायचा सगळ्यात मोठा मार्ग तुमच्या हातात आहे, तो म्हणजे तयारी. थिअरी घरी किंवा क्लासच्या खोलीत. गियर जोडणं, हवा तपासणं, हाताच्या खुणा, जोडीदाराची तपासणी, हे सगळं अंगणात सतरंजीवर कोरडं करून घ्या. पोहण्याची आणि तरंगण्याची चाचणी रोजच्या बॅचमध्ये साधं तिकीट काढून उरकता येते, त्यासाठी भाड्याचा तास जाळू नका. पाण्यात शिरताना विद्यार्थ्याला त्या दिवशीची कौशल्यं क्रमाने पाठ असायला हवीत.

हवेचा हिशेबही तासाशी जुळतो. ११ लिटरच्या, २०० बार दाबाने (बार हे दाबाचं माप) भरलेल्या सिलिंडरमध्ये सव्वादोन हजार लिटरच्या आसपास हवा असते. नवशिक्या मिनिटाला २५ लिटर ओढतो असं धरलं तर २ मीटरवर तेच ३० होतात, आणि ५० बार राखीव ठेवून ५५ मिनिटं मिळतात. म्हणजे माणशी, तासाला एक सिलिंडर.

हा सिलिंडर भरायचा कुठे, याचं उत्तर तलाव ठरवण्याआधी हवं. श्वसनासाठीच्या हवेचा, चांगल्या फिल्टरचा कॉम्प्रेसर लागतो. तो पेट्रोलवर चालणारा असेल तर त्याचा धूर वाऱ्याच्या खालच्या बाजूला जाईल आणि हवा ओढणारी नळी वरच्या बाजूला उंच राहील असा मांडा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर, वेल्डिंगचा किंवा दवाखान्याचा ऑक्सिजन यांच्या जवळपासही जाऊ नका. पहिल्यात तेलाची वाफ येते, आणि नेहमीच्या गियरमध्ये शुद्ध ऑक्सिजन भरला तर आग लागू शकते. सिलिंडरवर कोरलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने घेतलेल्या मजबुतीच्या चाचणीची) तारीख उलटलेली नसावी. सिलिंडर रेल्वेने किंवा एसटीने न्यायचे नाहीत, स्वतःची गाडी हवी. आणि मे महिन्यात ती गाडी सावलीत. २७ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत ६७ अंशांपर्यंत तापला तर आतला दाब २२७ बारच्या घरात जातो.

उन्हाळ्यातल्या दुपारी काठावर वेटसूट घालून विद्यार्थ्यांना ताटकळत ठेवू नका. उष्माघात पाण्याबाहेरच गाठतो. काठाला हिरवी नेट किंवा ताडपत्री बांधून घ्या, सूट चढवला की लगेच पाण्यात. पावसाळ्यात गडगडाट ऐकू आला की सत्र थांबवायचं, आणि असा बुडालेला तास पुढे भरून मिळेल ही अट दराच्या कागदात आधीच घालायची.

इतर पोरं पाण्यात असताना

या एका गोष्टीवर मी कोणाचंही ऐकत नाही. रोजच्या बॅचबरोबर स्कूबा घ्यायची वेळ आलीच तर मध्ये लेनची दोरी आणि दोरीवर एक माणूस हवा. पोहणारी पोरं उत्सुकतेने सूर मारून तळाशी येतात, आणि एखादा लाडाने म्हणतो, 'दादा, एक घोट हवा द्या ना.' द्यायची नाही. पाण्याखाली घेतलेली हवा कोंडून तो मुलगा वर गेला तर ती फुप्फुसात फुगते, आणि सव्वा मीटर खोलीवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. स्वतःच्या श्वासावर डुबकी मारणाऱ्याला हा धोका नसतो, म्हणून जीवरक्षकालाही तो माहीत नसतो. पहिल्याच दिवशी जीवरक्षक आणि पोहण्याचे सर, दोघांना बसवून हे समजावून सांगा. काठावर ऑक्सिजन संच जोडलेला ठेवा, १०८ वर फोन कोण करणार आणि गेट कोण उघडणार हे नावानिशी ठरवा. दुपारी गेटला कुलूप असतं, चावी कोणाकडे ते विचारून घ्या.

महिला विद्यार्थी असतील तर महिलांच्या बॅचला लागूनची वेळ मागा. कपडे बदलायच्या खोल्या तेव्हा उघड्या असतात आणि महिला कर्मचारीही हजर असते. सोबत एक महिला मदतनीस ठेवली तर घरच्यांचा होकारही लवकर येतो.

बॅच संपल्यावर

प्रत्येक सत्रानंतर पंपवाल्या दादांबरोबर काठ आणि तळ बघून वहीत दोघांच्या सह्या करा. भाडं आठवड्याच्या आठवड्याला द्या आणि पावती घ्या. गियर साध्या पाण्याने धुवा, क्लोरीनने बीसीडी (तरंगणं सांभाळणारं हवा भरायचं जॅकेट) आणि वेटसूट लवकर कुजतात; धुवायला तलावाचा नळ वापरणार असाल तर तेही आधी विचारा, कारण पाण्याची टंचाई त्यांनाही असते.

शेवटचं सत्र झालं की त्याच दिवशी रेफरलचा कागद भरा. कोणतं सत्र कोणत्या तारखेला पूर्ण झालं, त्यावर विद्यार्थ्याची सही आणि तुमचा प्रशिक्षक क्रमांक. त्याची प्रत मालवणच्या किंवा गोव्याच्या केंद्राला रेल्वेचं तिकीट काढण्याआधी पाठवा आणि त्यांच्याकडून होकार लेखी मागवा. तो कागद अपुरा असेल तर तिकडचा प्रशिक्षक तलावातली सत्रं पुन्हा करायला लावू शकतो, आणि मग विद्यार्थ्याला तलावाचं भाडं दोनदा पडतं.